नवसाचा प्रसाद

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

ट्रॉय, मिशिगन
ता. ८ मार्च २०२६

चि. वसुधास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पार्सल काल पोचलं. भाजणी दोन किलो, मेतकूट अर्धा किलो, तिळाची चटणी आणि नवस फेडल्याचा प्रसाद, खोबऱ्याची पुडी. माल सहाशेचा आणि टपाल अठ्ठावीसशे, हे वाचून जीव कळवळला. पुन्हा पाठवू नकोस.

प्रसाद मात्र देवापुढं तसाच ठेवलाय. कारण मी तुला अर्धंच लिहिलं होतं.

आमची सावनी रजेवर आलीय, असं लिहिलं ते खोटं. गेल्या वर्षी तिचं परदेशी मदतीचं खातंच इथल्या सरकारनं बंद केलं. आफ्रिकेतल्या त्या गावात सहा वर्षं सुइणींना शिकवत होती पोर, एका ई-मेलनं घरी बसली. तेव्हा मी नवस बोलले, हिला तिच्याच गावी, त्याच कामावर परत पाठव, एकवीस नारळ वाहीन. बोलावणं आलं आणि तुला नारळ वाहायला सांगितले. कुणाचं आलं ते लिहिलं नाही.

इथल्या लष्कराचं आलंय गं. तेच गाव, त्याच सुइणी, पण जायचं चिलखती गाडीतून, बंदूकवाल्यांसोबत. सुईण शिकवायला पैसे नव्हते, तिच्या दारात शिपाई उभा करायला आहेत. घरातलं दूध बंद करून कुलपं वाढवायची, असा हिशोब माझ्या वहीत मी एकदाही मांडला नाही.

हे तिला म्हणाले, काम तेच, पगार जास्त, नाही कशाला म्हणतेस. इथल्या मराठी मंडळात पेढेसुद्धा वाटून आले. आणि खरं सांगते, मीही तिच्या मागे लागले होते, हो म्हण म्हणून.

ती शांतपणे म्हणाली, "आई, मी तिथं सँडल बाहेर काढून आत जायचे. तूच शिकवलंस ना? सोल्जर्सना ड्यूटीवर बूट काढता येत नाहीत. ते दारात असले तर आतली बाई माझ्याशी काय बोलणार?"

आपल्या आईनं बाळंतिणीच्या खोलीत डॉक्टरलाही चपला घालून येऊ दिलं नव्हतं, आठवतं? मग जो संताप आला तो अजून उतरत नाही. थोडा सरकारवर, बराचसा माझ्यावर. कुठं पाठव ते देवाला सांगितलं, कुणाबरोबर ते सांगायचं राहिलं.

शुक्रवारी ती नकार कळवणार आहे. मी अडवणार नाही, ह्यांनाही अडवू देणार नाही.

तू देवळातल्या गुरुजींना एवढंच विचार, देवानं दिलेलं परत केलं तर चालतं का. नसेल चालत तरी सावनी जाणार नाही. पण पुडी सोडू की नको, ते उलट टपाली कळव.

तुझी,
ताई