पदराचा फोटो

आये, चौथीपातुरच्या शाळेवर लिहितेय, अक्षराला हसू नको. तुला तर तेवढंही येत नव्हतं.

ती लगेच फोटो देणारी पेटी तुला मीच आणली होती. ह्यांना पलटणीतल्या एका सायबानं बदली होताना दिलेली. मी म्हटलं, दिवाळीला आईला न्यायची; तुझा जन्मात एक फोटो नव्हता. शिराळ्याहून एस्ट्या बदलत औंधाला आले, पेटी मांडीवर आणि पोरगी खाली उभी. आत सहाच फोटो उरलेत, तसला कागद सांगली-साताऱ्यात कुठं मिळत नाही, हे दारातच सांगितलं. तर तू म्हणालीस, "आदी मामंजींचा काड." आजा फेटा बांधून बसला. मग भाऊ, मग भावाचं विहिरीवरचं इंजिन, मग बैल, मग म्हैस. कागद बाहेर आला की समदी वाकून बघायची, आणि तू चुलीपाशी करंज्या तळत. शेवटचा एक उरला तेव्हा तुला हाताला धरून अंगणात आणली. बोटांना पीठ तसंच. "पदर मागं घे," म्हटलं, घेतलास. मी बटण दाबते आणि तेवढ्यात आजा खाकरत माझ्या मागं येऊन उभा राहतो. सासरा समोर, तुझा पदर हनुवटीपातुर खाली. कागदावर उमटलं नुसतं लुगडं आणि दोन हात.

"म्हशीचं तोंड आलंय, तुजं न्हाई," मी म्हटलं.

"म्हशीला सासरा हाय व्हय गं?" म्हणालीस आणि हसलीस.

मला हसू आलं नाही. असल्या बाईला कशाला काय आणावं, असं समद्यांसमोर बोलले आणि भाऊबीजेला न थांबता निघाले. संक्रांतीच्या आत तू गेलीस. कागद संपलेली पेटी तिथंच राहिली, नंतर कुणी ती फोडून तिच्यात खिळे ठेवले.

आता नात विचारते, पणजी दिसायची कशी? मी सांगते, माझ्यासारखीच, नाक तेवढं धारदार. पोरगी खूश होते. खोटं हाय ते, आये. तुझ्या कुठल्या बोटावर तेलाचा डाग होता ते सांगीन, पण तोंड आठवत नाही. डोळे मिटले की पदरच येतो. नातीला वाचता येतं, म्हणून हा कागद चुलीत घालते.