तारेच्या त्या टोकाचा माणूस

३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, खुशाली मागाहून. मला शब्द मिळाला! वर्षभर कोशाच्या कचेरीत दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या लावून बोटं कोरडी पडली होती. काल मोठ्या बाईंनी बोलावलं आणि एक आख्खा खोका माझ्यापुढे ठेवला. बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा आमचा कोश, त्यातला एक शब्द आता माझा. कोणता, सांग? लाइन! म्हणजे तुझाच की रे. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलास, लाइनमन म्हणून निवृत्त झालास, म्हणून पहिलं पत्र तुला. आईबाबांना उद्या लिहीन.

मामा, हा शब्द म्हणजे अजब प्रकरण आहे. मुळात अळशीचा धागा. धाग्याची झाली दोरी. दोरी ताणून गवंड्याने भिंत सरळ केली, मग दोरी काढून घेतली तरी मागे राहिलेली रेघ म्हणजे लाइन. त्या रेघेत माणसं उभी राहिली, तिच्यावरून आगगाडी धावली, तिच्यातून वीज गेली. नटाचं वाक्य लाइन आणि माणसाचा धंदाही लाइन. अर्थागणिक चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा करायचा असतो. सव्वीस झाले. टेबल संपलं, आता खिडकीच्या कट्ट्यावर मांडतेय आणि भर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून बसलेय.

पंधरा जुलैला मसुदा द्यायचा. पसंत पडला तर मी इथे कायम, नाही तर गाशा गुंडाळून घरी. तुला आठवतील तेवढे अर्थ कळव. तब्येत सांभाळ, पाय दुखत असेल तर चालण्याची मर्दुमकी नको.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

९ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा हसलो. सरकारने मला चौतीस वर्षं त्या शब्दावर पोसलं, आणि त्यात अळशी आहे हे आज कळतंय!

घे लिहून. दुकानापुढे लागते ती लाइन. दिवे गेले की ‘लाइन गेली’, आले की ‘लाइन आली’. वीज म्हणून कोणी म्हणत नाही. वांड पोराला लाइनीवर आणतात. ‘लाइन मारणे’ घेणार आहेस की सभ्यपणाने गाळणार? गाळू नकोस. तुझे वडील आमच्या घरचं मीटर तपासायला आठवड्यातून तीनदा यायचे. मीटर ठणठणीत होतं, हे तुझ्या आईला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. असो. त्यांचा विषय नको.

आमच्या कामातला एक अर्थ तुझ्या खोक्यात नसेल. आम्ही जोडीने काम करायचो. एकाने खांबावर चढायचं, दुसऱ्याने मैलभर लांब, तारेच्या त्या टोकाला, स्विच बंद करून फोनवर निरोप द्यायचा. निरोप आल्याशिवाय पहिल्याने वर चढायचं नाही, तारेला हात लावायचा नाही. त्या दुसऱ्या माणसाला आम्ही ‘लाइन’ म्हणायचो. तार नव्हे, माणूस. ‘माझी लाइन आज रजेवर आहे, मी चढणार नाही’ असं. आपला जीव ज्याच्या शब्दावर, तो.

पाय बरा आहे. तुझ्या अक्षराकडे लक्ष दे, टिटवीच चालून गेल्यासारखं आहे.

आठवण ठेवणारा,
तुझा मामा

१४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा! मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या! त्या खुर्चीतून फक्त जेवायला उठतात. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाल्या की धाग्यापासून निघालेला शब्द माणसापर्यंत येऊन पोचल्याचं त्यांनी कुठे पाहिलेलं नाही, आणि हा अर्थ मिळाला तर माझ्या नोकरीची काळजी त्यांनी करायची, मी नाही.

पण आमच्याकडे एक नियम आहे आणि त्याच्यापुढे बाईंचंही चालत नाही. तोंडी सांगितलेला अर्थ चालत नाही. ज्या काळी शब्द वापरला त्याच काळचा, तारीख घातलेला कागद लागतो. रोजनिशी, अर्ज, पत्र, काहीही. तुझं आत्ताचं पत्र आठवणीतलं, ते बाद. मामा, माळ्यावर चढू नकोस, पण कोणाला तरी चढव. एक ओळ पुरे!

माया कमी पडू देऊ नकोस.
तुझी (उड्या मारणारी) भाची

१९ जून

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

कागद नाहीत. आमच्या खिशातल्या वह्या दरवर्षी कचेरीत जमा व्हायच्या आणि रद्दीत जायच्या. बाकीचे पंचवीस-तीस अर्थ तुला पुरेसे आहेत. हा सोडून दे.

मामा

२४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

एवढं छोटं पत्र तू मला जन्मात लिहिलं नव्हतंस. माझं काही चुकलं का?

मी बाबांनाही विचारलं, तेही तुमच्याच खात्यात होते ना. त्यांनी लगेच उत्तर दिलं की शब्द खरा आहे, पण मामाला त्या दिवसाबद्दल छेडू नकोस. मामा, मी कुठल्याच दिवसाबद्दल विचारलं नव्हतं. मला ठाऊक आहे ते घरी सगळ्यांना ठाऊक असलेलं: बाबांनी चुकीचा निरोप दिला, तू पडलास, त्यांना खांबावरून काढून सामानाच्या कोठारात बसवलं, आणि अकरा वर्षं तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. तुझा राग मी समजू शकते.

कागद नसेल तर नसू दे. नोकरी गेली तर तुझ्याकडे येऊन राहीन आणि तुझं डोकं खाईन. फक्त नीट मोठं पत्र लिही.

वाट बघणारी,
तुझी भाची

१ जुलै

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

कागद आहे. मी खोटं बोललो.

त्या वर्षी मी दवाखान्यात होतो म्हणून माझी वही जमा झाली नाही. बाकी पानांवर नुसते खांबांचे आकडे आहेत, तुझ्या कामाचे नाहीत. एकाच पानावर वाक्यं आहेत. पडलो त्या संध्याकाळी, पायाला वजन बांधलेलं असताना लिहिलेली. तारीख आहे, वार आहे. पान सोबत ठेवलंय. तुझ्या अक्षरावर हसतो मी, पण माझं बघ काय झालंय. म्हणून इथे पुन्हा उतरवतो:

‘लाइनचा निरोप यायच्या आत मीच वर चढलो. घाई केली. लाइनची चूक नाही.’

सकाळी चौकशीला साहेब आले तेव्हा हेच सांगणार होतो. पण तुझ्या वडिलांनी आदल्या दिवशीच लिहून दिलं होतं, ‘स्विच बंद करण्याआधीच मी निरोप दिला.’ निरोपाविना चढणाऱ्याला घरी पाठवतात, आणि मोडक्या पायाने मला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं. चुकीचा निरोप देणाऱ्याची फक्त बदली होते. हा हिशेब त्यांनी एकट्याने केला. साहेबांपुढे मी गप्प बसलो, टिटवे. नंतर त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटली. राग माझा कधीच नव्हता. तुम्ही सगळे त्या लाजेला राग समजलात आणि मी समजू दिलं.

चढायची पाळी त्यांची असली की खांबावरून त्यांना दोन नद्या दिसायच्या, ते रोज सांगायचे मला फोनवर. त्या माणसाने कोठारात खिळे मोजले.

पान कचेरीत देण्याआधी त्यांना दाखव. ते नको म्हणाले तर फाड. मी त्यांना पत्र लिहायला चार वेळा बसलो. ‘मेहुणेबुवा’ लिहिलं, खोडलं. ‘मित्रा’ लिहिलं, खोडलं. पुढे जमलं नाही.

माझ्यावर रागव, पण पत्र बंद करू नकोस.
मामा

२८ जुलै

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

हे मी न खोडता लिहिलंय, बघ.

आपली टिटवी पहिल्या बसने पान घेऊन आली. दारातच रडली, मग माझ्यावर ओरडली, मग पोटभर जेवली. मी फाडू दिलं नाही. पान तिच्या कचेरीत पोचलं, मसुदा पसंत पडला, ती कायम झाली. तिच्या बाईंनी दोनदा उठून उभं राहून वाचला म्हणे. काल तिने पाठवलेला छपाईचा पहिला कागद आला. सत्ताविसावा अर्थ: तारेच्या दुसऱ्या टोकाचा, ज्याच्या शब्दावर काम सुरू होतं तो जोडीदार. खाली तुझ्या वहीची तारीख आणि उदाहरण म्हणून एकच वाक्य: ‘लाइनची चूक नाही.’ तुझी बहीण मला ते मोठ्याने वाचून दाखवत होती आणि मधेच तिने कागद माझ्या हातात दिला. मग राहिलेलं मी वाचलं.

आता माझं ऐक. तू घाईने चढलास हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं, कारण तू पडलास तेव्हा माझा हात अजून स्विचवर होता आणि निरोप माझ्या तोंडातच होता. मी लिहून दिलं ते माझ्या मर्जीने. त्याचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही. दवाखान्यात तीनदा आलो, तिन्हीदा तू भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलंस. मला वाटलं, खांबावर चढताना माझा निरोप नको झाला, तसं आता माझं तोंडही नको झालंय. मग मीही अडून बसलो. अकरा वर्षं मी तुझ्या कबुलीची वाट बघत नव्हतो रे गाढवा, हाकेची बघत होतो.

पान मिळालं, ती हाकच समजतो. रविवारी दुपारी दोघंही येतोय. भिंतीकडे तोंड करून झोपलास तर खाट फिरवीन.

तुझा,
मेहुणा