पायजम्याचे माहेर

ऐरोली, दि. ५ फेब्रुवारी २०२५

सूचीसूत्रसम्राट, कर्तरीचक्रवर्ती, पावणे-औद्योगिक-क्षेत्रस्थ अष्टशिलाईयंत्राधिपती, आमच्या धर्मपत्नीचे कनिष्ठ बंधू श्रीमान सुभाषराव यांस व्याकरणमार्तंड (स्वयंघोषित) नंदकुमार यांचा साष्टांग नमस्कार.

येथे सर्व क्षेम. जाईच्या विवाहाची सिद्धता चालू असून रुखवताने दिवाणखाना पादाक्रांत केला आहे.

आता मुख्य वृत्त. मी कालपासून हर्षाने अस्वस्थ आहे. तुमचे समूळ खंडन करावे या पवित्र हेतूने वाशीच्या एका ग्रंथालयात जीर्ण कोश उघडला आणि 'पायजमा' काढला. सुभाषराव, शब्द फारसी निघाला. 'पाय' अधिक 'जामा', पायांचे वस्त्र. आपण 'जामानिमा' करतो, तोही याच जाम्याचा. मी ताडकन उभा राहिलो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काका, बसा, पंखा वाढवते." पुढे तर परमानंद: फारसी 'पाय' आणि संस्कृत 'पाद' एकाच आदिम घराण्यातले. ज्याला परका ठरवले, तो सोयरा निघाला.

साखरपुड्याला तुम्ही स्वहस्ते शिवलेला रेशमी पायजमा मला दिलात. मी व्याह्यांसमोर त्याचे मूळ संस्कृत 'पादयाम' असल्याचे ठणकावले. तुम्ही इतकेच म्हणालात, "भाऊजी, आमचे उस्ताद फारसी सांगायचे." त्यावर मी, "शिलाईवाल्याने टाके घालावेत, व्युत्पत्तीत हात घालू नये." सगळे हसले. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात.

'पादयाम' कोणत्याही कोशात नाही. तो मी त्याच क्षणी रचला होता. हे आजवर मीनेलाही सांगितले नव्हते.

आज सांगितले. ती म्हणाली, "पायजमा कुठून आला ते राहू दे. माझा भाऊ येणारे का, ते बोला." जाईचा निर्णय अधिक संक्षिप्त: "मामा हात धरून नेणार नसेल तर मी बोहल्यावर जाणार नाही. टेन्शन तुमचं."

व्याह्यांना दूरध्वनी करून कळवले, शब्द फारसी, माझा मेहुणा बरोबर होता. ते म्हणाले, "मग तेव्हा ते जेवले का नाहीत?" मी दूरध्वनी ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो.

विवाह तेवीस तारखेस आहे.

शब्दभ्रष्ट, तरीही आपलाच,
नंदकुमार

ता. क. तुमच्या पायजम्यात नाडी ओवायची राहिली होती. मी दातांच्या ब्रशला बांधून ओवू गेलो. ब्रश बाहेर आला, नाडी मध्यमार्गी अंतर्धान पावली. मीना हात लावत नाही. म्हणते, ज्याने शिवला त्याला बोलवा.