शांत झालेल्या सिस्टर

३ फेब्रुवारी
उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या हॉस्पिटलात आज सिस्टर संजीवनी म्हणून रुजू झाले. जाम खूश आहे! राहायची सोय सीनियर सिस्टर मनालीच्या खोलीवर, बदलापूरला शिरगावात. मनाली तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. ती सुई टोचते ते पेशंटला कळतही नाही. मेट्रन वृंदा मॅडमनी सगळं फिरून दाखवलं. नर्सेससाठी खास 'विसावा कक्ष' आहे. मऊ कोच, कुंड्या, फिकट हिरव्या भिंती. ताण आला की इथे बसून मन मोकळं करायचं, म्हणाल्या. किती विचार करतात आमचा!

११ फेब्रुवारी
विचार कसला, डोंबलाचा! अख्खा भरलेला वॉर्ड आणि आम्ही दोघी. डबल ड्यूटी, डबा तसाच परत. एका पेशंटच्या नातेवाइकाने मनालीचं मनगट पिरगळलं. ती तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेली. अजून सिस्टर द्या, नाहीतर उद्यापासून वॉर्डात पाय ठेवणार नाही, असं तोंडावर सुनावलं. मॅडम म्हणाल्या, तुझी चिडचिड होतेय, जरा विसावा कक्षात बस. माणसं मागितली तर कोच दिला!

१२ फेब्रुवारी
मनाली विसावा कक्षातून हसत बाहेर आली आणि पुढची ड्यूटीही घेतली. मनगट सुजून निळं पडलंय. विचारलं, तर म्हणाली, "छान वाटतंय गं." दुपारी आमच्या वॉर्डातले म्हातारे पेशंट आण्णा गेले. त्यांना ती रोज स्वतः भरवायची. त्यांची सून हंबरडा फोडत होती आणि मनाली तशीच हसत नवी चादर घालत होती. मी तिला गदागदा हलवलं. हसणं काही गेलं नाही.

१४ फेब्रुवारी
कक्षावरून जाताना आतून ओरडणं ऐकू आलं. आत शिरले, तर कोणी नाही. भिंतीला कान लावला. मनालीचा आवाज. माणसं द्या — मला बाहेर काढा —
आणि दारातून पाहिलं, तर मनाली समोर वॉर्डात सलाइन लावत होती!
मॅडमना जाब विचारला. शांतपणे म्हणाल्या, राग तेवढा आम्ही ठेवून घेतो, मुली सुखात राहतात.
ठेवून घेतात! आमचा राग! यांच्या बापाचा आहे?

१५ फेब्रुवारी
भरदुपारी ऑक्सिजन सिलिंडरचा पाना घेऊन गेले. भिंतीवर घाव घातले. प्लास्टर पडलं. आतून बोटं आली — मनालीची — मी घट्ट धरली, ओढली — पण त्या भिंतीनेच मला —

काळोख. वही ॲप्रनच्या खिशात होती. अंदाजाने लिहितेय. मनाली शेजारी आहे, खरी मनाली. पलीकडे अजून कितीतरी सिस्टर. सगळ्या रागाने पेटलेल्या.

बाहेर कोणीतरी बोलतंय. माझाच आवाज. संजीवनी बोलतेय, मॅडम, म्हणतेय. छान वाटतंय. डबल ड्यूटी मी करते.

नाही! मी नाही म्हटलं — ती मी नाही —

मनालीने भिंतीला खांदा लावलाय. बाकीच्याही — मीही — जोर लावा गं — भिंत हल—