सांग की सांगा

अगं,

गाडी घेऊन काचवाल्याकडे जातोय. मुलांना आज शाळेत बसने ने.

काल त्याच्याकडून गाडी घेऊन आल्यापासून तू तीनदा म्हणालीस, मागच्या काचांना किती सुबक फिल्म लावली त्याने, एक बुडबुडा नाही. पोरांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून दोन वर्षं मी काचेत टॉवेल अडकवत होतो, तेव्हा सुबक हा शब्द तुला सुचला नाही.

सकाळी बघतो तर काचेच्या बटणावर त्याचा कागद चिकटवलेला. 'चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत, मुलांनाही सांग.' सांग! एका भेटीत हा माझ्या बायकोला अरेतुरे करायला लागला? माझं डोकंच फिरलं. मी दोन्ही काचा खाली केल्या. ओल्या फिल्मचा पार चोळामोळा झाला.

मग कागद ओढून काढला, तेव्हा कडेची काळी चिकटपट्टी सुटली. तिच्याखाली काना होता.

फिल्म पुन्हा लावून आणतो. त्याने विचारलंच, तर काचा धाकटीने खाली केल्या असं सांगणार आहे. तिला तेवढं पढवून ठेव. तू तिकडे यायची काही गरज नाही.

आणि टॉवेल टाकून देऊ नकोस.