दुसऱ्या बाजूची झांज

बोईसर, ९ जानेवारी २०२५

ती. दीपालीताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. हल्ली फोनवरचे बोलणे फुटून येते, नेटवर्क दळभद्री. पालघर-बोईसरच्या मध्ये एकच स्टेशन, उमरोळी, आणि आपण पोस्टाने बोलतो, यावर तू हसणारच.

काम असे. रामकिसन भंगारवाल्याकडून मी ती जर्मन तबकडी आणली होती, आठवते? कुठल्याशा बंद पडलेल्या गेस्ट हाऊसच्या सामानात आलेली. १९७६, हॅम्बुर्ग, जॅझ फ्यूजन, पांढऱ्या कव्हरवर नारिंगी क्रेन. दुसऱ्या बाजूला ड्रमवाला आधी एकटाच झांजेवर काठी टिकटिकवतो, आठ मोजतो, मग इलेक्ट्रिक पियानो आणि सॅक्सोफोन एकदम अंगावर येतात. त्या आठ टिकटिकींसाठी मी रविवारची वाट बघतो. खरखर फार होती म्हणून दिवाळीत तबकडी रिठ्याच्या पाण्याने धुतली. खरखर गेली, पण ताई, झांजही गेली! आता नुसती शांतता, मग पियानो. रिठ्याने खाचा खाल्ल्या असणार.

शेजारची किंजल पालघरला कचेरीत येते, तिच्याबरोबर तबकडी पाठवतो. बाबांच्या प्लेअरवर लावून सांग, काही उरले आहे का. घरात तेजल, तुझी भावजय, टीव्हीच्या आवाजावरून भांडते. आई घिवलीहून आली होती, ती म्हणते, याला कान हायत, ध्यान नाय.

तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा विनोद


पालघर, १७ जानेवारी

चि. विनोद यास,
अनेक आशीर्वाद.

तबकडी तीनदा लावली. खरखर भरपूर आहे, रिठ्याने तिचे काही वाकडे झालेले नाही. आणि झांज आहे. सुईसारखी स्वच्छ. आतल्या खोलीतून शेजारच्या हर्षितने विचारले, मावशी, ही टिकटिक कसली.

विनोद, तबकडी बरी आहे.

आता फोनचे, टीव्हीचे, आईच्या टोमण्याचे तूच जुळवून बघ. कॉम्प्रेसर हाऊसमध्ये चौदा वर्षे माणूस उभा करायचा, कानात घालायला कापूस द्यायचा, आणि कान गेले की वय झाले म्हणायचे! याला मी नशीब म्हणणार नाही. ही चोरी आहे, आणि दिवसाढवळ्या झालेली आहे. कारखान्यात दरवर्षी कानांची चाचणी होते ना? तिच्या कार्डावर काय लिहिले आहे ते कळव. तेवढ्यावर मी कंपनीला जाब द्यायला उभे करते.

तेजल व हेमालीस आशीर्वाद. रागावलास तरी उत्तर लिही.
तुझी ताई


बोईसर, २५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

कार्डावर लिहिले आहे, नॉर्मल. सात वर्षे, नॉर्मल.

व्हॅन येते, कानाला यंत्र लावतात, आवाज आला की हात वर करायचा. मी आवाज ऐकून हात वर करत नाही. बटण दाबताना त्या माणसाचे कोपर हलते, ते बघून करतो. आमच्या हॉलमधले सगळे तेच करतात. का, ते तूच आठव. २०१८ साली व्हॅन पहिल्यांदा येणार होती, तेव्हा गेटवर टेबलावर उभे राहून युनियनच्या वतीने कोण गरजले होते? नापास होईल त्याला काढायचा हा डाव आहे, डोळे उघडे ठेवा आणि हात वर करा! टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

काळजी करू नकोस. हॉलमध्ये बोलणे कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिटी असते. लागोपाठ तीन शिट्या म्हणजे मी व्हॉल्व्ह बंद करायचा. माझा जोडीदार सुका, जव्हारकडचा, माझ्याच वयाचा, त्याला माझे कळले आहे. तो येऊन खांद्यावर थाप मारतो. म्हणतो, दादा, तुमी डोळे सांबाळा, कान मी हाय. पोरीची, हेमालीची, बारावी आहे. ती संपेपर्यंत कुठे बोलू नकोस, माझी शपथ.

तुझा विनोद


पालघर, ३ फेब्रुवारी

चि. विनोद यास,
आशीर्वाद.

भाषण माझेच. शब्द न् शब्द आठवतो. मला वाटले होते मी नोकऱ्या वाचवते आहे. कंपनीला हवे होते तेच सात वर्षांचे पुरावे मी तुमच्याच हातांनी तयार करून दिले.

बदलीचा अर्ज लिहून सोबत ठेवला आहे. कारण घरगुती घातले आहे, कानाचा उल्लेख नाही. फक्त सही कर. खांद्यावरची थाप म्हणजे सुरक्षा नव्हे. सुका एखाद्या दिवशी लांब असेल. परीक्षा संपेपर्यंत मी गप्प राहते. पटत नाही, तरी राहते.

सही करून मगच जेव.
ताई


बोईसर, २८ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

सुका काल गेला.

मंगळवारी दुपारी तो खालच्या चरात उतरून पाइपचा जोड आवळत होता. जोड सुटायला लागला. तिथून माझ्या खांद्यापर्यंत त्याचा हात कसा पोचणार? त्याने शिटी वाजवली. मी बारा फुटांवर त्याच्याकडे पाठ करून गेज वाचत होतो. तीन, मग पुन्हा तीन, मग पुन्हा तीन. गेटवरच्या खंडेराव वॉचमनने मोजल्या. मी वळलो तो पायाखालची जमीन हादरली म्हणून. दोन दिवस दवाखान्यात होता.

अर्ज माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. सही केली नव्हती.

साहेब म्हणतात, सुकाने शिटी वाजवलीच नाही असे लिहून दे. चूक त्याची ठरेल, तुझी नोकरी राहील. दहा तारखेला चौकशी आहे. त्याची बायको रखमा दवाखान्याच्या पायरीवर मला विचारत होती, दादा, त्यानं शिटी मारली का नाय. ओठांवरून समजले. मी खाली पायरीकडे बघितले. तिला वाटले मला ऐकू आले नाही, म्हणून तिने पुन्हा विचारले.

काय सांगू?
विनोद


पालघर, ४ मार्च

चि. विनोद,

काय सांगायचे ते तुला माहीत आहे, नाहीतर विचारले नसतेस. तू सही केली नाहीस, मी तोंड उघडले नाही. हे आपल्या दोघांचे आहे. दहा तारखेला मी इथल्या कामगार कार्यालयात २०१८ चे भाषण माझ्या सहीने लिहून देणार आहे. लोक मला काय म्हणतील ते म्हणोत.

हेमालीला आधी सांग. नंतर बाहेरून कळू देऊ नकोस.
ताई


बोईसर, ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हेमालीला सांगितले. ती माझ्या समोर येऊन बसली, तोंड दिसेल असे.

चौकशीला तिघे होते. मी म्हटले, प्रश्न लिहून द्या. साहेब हसून काहीतरी म्हणाले. कागद आला. पहिला प्रश्न होता, तुम्ही शिटी ऐकली का. मी लिहिले, नाही. साहेबांनी समाधानाने मान हलवली आणि कागद ओढायला हात पुढे केला. मी तो दाबून धरला आणि खाली लिहिले: सुकाने नऊ वेळा वाजवली. माझे कान कित्येक वर्षांपूर्वीच गेले आहेत. सात वर्षांची कार्डे खोटी आहेत, माझी आणि हॉलमधल्या सगळ्यांची. मग सही केली.

आजपासून कामावर येऊ नका असे सांगितले, तेही लिहून घेतले. बाहेर आलो तर हॉलमधले बाकीचे सगळे गेटपाशी उभे होते. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत त्यांच्यामधून गेलो. ओठ कुणाचेच हलले नाहीत.

पत्र लिहीत राहा.
विनोद