फीवाढ, बैठक आणि मी

४ ऑक्टोबर
विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. माझ्यासमोर उभं राहायची कुवत कोणात आहे? पुढच्या सत्रापासून प्रयोगशाळेची फी दुप्पट होणार म्हणतात. होऊ देणार नाही. विषय संपला.

७ ऑक्टोबर
मावशीचा फोन. फी वाढली तर तुझ्या भावाला शेवटचं सत्र सोडावं लागेल, म्हणाली. शिलाई मशीन याहून जोरात पळत नाही रे बाळा. म्हटलं, मावशी, निर्धास्त राहा. मावसभाऊ माझ्याच खोलीत राहतो. शेजारच्या खाटेवरून म्हणाला, आधी फी ठरवणारी बैठक कधी आहे ते तरी विचार. मत्सर. दुसरं काय.

१५ ऑक्टोबर
सभा बोलावली. मूठभर आले, तेही पंखा आहे म्हणून. मंडळाची सचिव म्हणते, सह्या गोळा करू. दारोदार फिरायला मी काय साबण विकतो? भाषणाचं शीर्षक ठरवलं.

२२ ऑक्टोबर
मावसभावाने आकडे काढून आणले. फुटलेल्या बीकरची भरपाई मुलं आधीच वेगळी देतात, तीच पुन्हा नव्या फीत धरली आहे म्हणे. एवढं एकच बोललास तरी पुरे, म्हणाला. रसायनशास्त्राने माणूस किती बारीक होतो! मी बीकरवर बोलणार नाही. मानवमुक्तीपासून सुरुवात करणार.

५ नोव्हेंबर, सकाळ
आज बैठक. कोट घातला. आरशात पाहून प्राचार्यांची कीव आली.

दुपार
प्राचार्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. गादीची. सचिव मागे बाकावर. विद्यार्थ्यांतर्फे बोलण्याचा अधिकार फक्त अध्यक्षाला. फीचा विषय आला. प्राचार्य म्हणाले, कुणाची हरकत? इथे हरकत असणाऱ्याने हात वर करायचा असतो. हात वर करायला मी काय बालवाडीत आहे? अध्यक्षाला नाव घेऊन विनंती करतात. वाट पाहिली. सचिवेने मागून पेन्सिल टोचली. लक्ष दिलं नाही. ठराव एकमताने मंजूर. निघताना प्राचार्य म्हणाले, तुमच्यासारखे समंजस विद्यार्थी आता मिळत नाहीत. आतून हादरले असणार.

६ नोव्हेंबर
सचिवेने सगळ्यांदेखत विचारलं, गादी मऊ होती का? पोरकट बाई. मावसभाऊ आकड्यांचे कागद आवरत होता. त्याला समजावलं की लढे दीर्घकालीन असतात, पुढच्या वर्षी पुन्हा बैठक आहे. म्हणाला, पुढच्या वर्षी मी नसेन. सगळं स्वतःवर ओढून घ्यायची सवय आहे त्याला.

११ नोव्हेंबर
मावशीचा फोन. कामात होतो. संध्याकाळी पुन्हा आला. तेव्हा कामात नव्हतो, पण एक धोरण ठरलं की पाळावं.

२८ नोव्हेंबर
मावसभावाने अंथरूण गुंडाळलं. त्यांच्या गावात औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणार आहे. आकड्यांचे कागद सचिवेला देऊन आला. मला विचारलंसुद्धा नाही. जिन्यात थांबून म्हणाला, आईचा फोन तेवढा उचल, ती तुला बोलणार नाही. लहान माणसांना निरोपही मोठा देता येत नाही.

२ डिसेंबर
घरमालकीणबाई वर आल्या. खोलीचं अख्खं भाडं यापुढे माझ्याकडून घेणार. जमत नसेल तर खोली सोड, म्हणाल्या. एका माणसाकडून दोघांचं भाडं! सरळ अन्याय आहे. बोलणार होतो. पण एकट्याने काय बोलणार? शेजारी कुणीतरी लागतं.